आधी बोटं, मग पाना

गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा, म्हणजे चेंबरचा, सातवा बोल्ट बाहेर आला आणि त्याच्याबरोबर एक बारीक, चकचकीत तार आली. घड्याळातल्या स्प्रिंगसारखी बोल्टाभोवती गुंडाळलेली, चार-साडेचार वेढ्यांची. ती तार म्हणजे गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या कवचातले आटे होते. बोल्ट पोलादी, त्याला काहीच झालं नव्हतं. भोक मात्र आतून गुळगुळीत झालं होतं. त्याआधी एका गॅरेजमध्ये ऑइल बदललं होतं आणि तिथल्या मुलानं हवेच्या गननं सगळे बोल्ट एका दमात आवळले होते. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या झटापटीत कोण हरणार हे ठरलेलंच असतं.

आमचं घर पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार विभागापासून हाकेच्या अंतरावर. गाडी जुनी, चार गिअरची ऑटोमॅटिक. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच रेस व्हायचं, गाडी ओढायची नाही. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धक्का. नवीन गिअरबॉक्सचा खर्च गाडीच्या किमतीजवळ जात होता. म्हणून मी तो घरीच, पार्किंगमध्ये आणि एका बंद खोलीत, सुट्टी मिळेल तसा उघडून पुन्हा बांधला. आतलं यंत्र वाचून, चित्रं पाहून समजतं. काम अडलं ते दर वेळी सहा आणि आठ मिलिमीटरच्या बोल्टापाशी. म्हणून या लेखात आट्यांना सर्वांत जास्त जागा दिली आहे, आणि ज्यांना गिअरबॉक्स उघडायचाच नाही त्यांनाही हा भाग उपयोगी पडेल.

पण त्याआधी आपली गाडी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे ते नीट बघा. क्लचचं पेडल नाही म्हणजे सगळ्या एकच, असं नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे घराघरांत पोहोचली ती एएमटी. तिच्यात गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. तिथे दुखणं बहुधा क्लच प्लेटचं किंवा त्या ॲक्च्युएटरचं असतं. सीव्हीटीमध्ये दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो. त्या पुलीवर नखाएवढा ओरखडासुद्धा चालत नाही, म्हणून ती घरी उघडू नका. दोन क्लचवाल्या डीसीटीला कंपनीची खास हत्यारं लागतात, तिच्याही वाटेला जाऊ नका. मी सांगतो आहे ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या, चार-पाच गिअरच्या ऑटोमॅटिकबद्दल. तिची मूळ कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सनं १९३९ साली हायड्रामॅटिक आणली तेव्हापासून ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर आणि तेलाच्या दाबानं आवळले जाणारे क्लच हीच जोडी चालत आली आहे.

मधे सूर्य गिअर, त्याच्याभोवती ग्रह गिअर, आणि बाहेरून आतल्या बाजूला दात असलेलं कडं. या तिघांपैकी एकाला धरून ठेवलं आणि दुसऱ्याला फिरवलं की तिसऱ्याचा वेग बदलतो. धरून ठेवण्याचं काम क्लच पॅक करतात. कागदासारखं अस्तर असलेली एक प्लेट, मग एक पोलादी, पुन्हा अस्तराची, अशी चळत असते आणि तिच्यामागे पिस्टन. पिस्टनला तेल ढकलतं. तेल कोणत्या वेळी कोणत्या पिस्टनकडे जायचं हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. पिस्टनची रबरी सील वयानं कडक झाली की तेल निसटतं, दाब पडतो, प्लेटा पुरत्या आवळल्या जात नाहीत, घसरतात आणि जळतात. म्हणजे बहुतेक म्हाताऱ्या गिअरबॉक्समध्ये पोलाद ठणठणीत असतं. संपलेलं असतं ते रबर आणि अस्तर. घरी बांधता येतो तो याचमुळे.

उघडण्याआधी तीन गोष्टी कराच. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. नुसता एक सोलेनॉइड किंवा वायरिंगचा प्लग बिघडल्यामुळे गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची काहीच गरज नसते. मग एटीएफची, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलची, पातळी बघा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तापमानाला आणि सांगितलेल्या पद्धतीनं. आणि पांढऱ्या कागदावर त्याचे दोन थेंब टाका. लालसर, पारदर्शक असेल तर वाट पाहा. तपकिरी, काळपट आणि जळका वास येत असेल तर प्लेटा गेल्या आहेत. ऑइल बदलताना डबा नीट वाचा. एसपी-थ्री, डब्ल्यूएस, डेक्सरॉन, डीडब्ल्यू-वन ही नुसती नावं नाहीत. त्यांचं घर्षणाचं गणित वेगळं आहे. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं सांगून कोणी सुटं ऑइल पुढे केलं तर घेऊ नका.

आट्यांचं काम

आटे का जातात? पहिलं कारण जोर. एम ६ चा बोल्ट, ज्याला गॅरेजमध्ये दहा नंबरचा बोल्ट म्हणतात कारण त्याला दहाचा पाना लागतो, ॲल्युमिनियममध्ये साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटरवर थांबायला हवा. एवढ्यानं अंदाज येत नाही, म्हणून मी घरात असं करून पाहिलं: २५ सेंटिमीटर लांबीच्या रॅचेटच्या टोकाला चार किलो कांद्यांची पिशवी टांगली. बोल्टावर पडतो तो जवळपास १० न्यूटन-मीटरचा जोर. एवढाच. दंडाला जाणवेल असा जोर लागला, तर तुम्ही केव्हाच पुढे गेलेले असता. गाडीच्या चाकासाठी घेतलेला मोठा टॉर्क रेंच इथे कामाचा नाही, त्याची सुरुवातच चाळीसच्या आसपास होते. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा, पाव इंची टॉर्क रेंच घ्या. या सगळ्या खटाटोपात मी विकत घेतलेलं सर्वांत उपयोगी हत्यार तेच.

दुसरं कारण तिरका बोल्ट. तिसरं, परका बोल्ट. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथाऱ्यांवर बोल्टांचे ढीग असतात. त्यात मेट्रिकच्या शेजारी जुने इंची व्हिटवर्थ आट्यांचे बोल्ट मिसळलेले असतात. पाच-सोळांश इंची बोल्ट जवळपास ७.९ मिलिमीटर जाडीचा, दिसायला अगदी एम ८. पण एम ८ च्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर आणि त्याचं १.४१. दोन-तीन वेढे तो छान जातो, मग अडतो, आणि आपण पाना लावतो. बोल्टाच्या आट्यांवर ठेवून बघायची पात्यांची पिच गेज बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानात मिळते. ती खिशात असू द्या.

आमच्या भागातल्या एका लेथवाल्या काकांकडे मी ते सातव्या बोल्टाचं भोक दाखवायला गेलो होतो. त्यांनी भोकाकडे बघायच्या आधी माझ्या हातातला बोल्ट घेतला, टेबलावरच्या एका जुन्या ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये उलटा फिरवला. टक् असा बारीक आवाज आला, बोल्ट किंचित खाली बसला. मग त्यांनी तो सुलटा फिरवला, फक्त दोन बोटांनी, पार तळापर्यंत. “अहो, पाना नंतर. आधी बोटं. बोटानं चार वेढे गेले नाहीत तर पान्याला हात लावायचा नाही.” आट्याचं तोंड आट्याला सापडलं की तो टक् होतो. हे मी त्या दिवसापासून दर बोल्टाला करतो, अगदी स्वयंपाकघरातल्या कुकरच्या हँडलच्या स्क्रूलासुद्धा.

आता गेलेल्या आट्यांवर उपाय. सर्वांत आधी खोली मोजा. बऱ्याचदा वरचे आटे निघालेले असतात आणि तळाचे पाच-सहा मिलिमीटर कोरे असतात, कारण मूळ बोल्ट तिथपर्यंत पोहोचतच नव्हता. व्हर्नियरची मागची काडी भोकात सोडून खोली मोजा, बोल्टाची लांबी मोजा. तळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवून थोडा जास्त लांब बोल्ट बसत असेल तर काम तिथेच संपलं. फक्त भोकातलं तेल आधी ब्रेक क्लीनर मारून काढा. बंद भोकात तेल साठलेलं असताना बोल्ट आवळला तर तेलाला पळायला वाट नसते, आणि कवचच तडकतं.

एम-सील भरून त्यात आटे पाडणं, टेफ्लॉन टेप गुंडाळणं, जाड बोल्ट ठोकून बसवणं, हे उपाय मला अनेकांनी सांगितले. पाण्याच्या नळाला ते चालतील. गरम तेल, थरथर आणि दाब यांच्यात ते टिकत नाहीत. वेल्डिंग करून पुन्हा भोक पाडता येतं, पण त्या उष्णतेनं कवचाचा सपाट पृष्ठभाग वाकण्याची भीती असते. ते चांगल्या कारागिराचं काम आहे.

खरा उपाय म्हणजे तारेचा इन्सर्ट, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या छेदाची स्टेनलेसची तार, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. भोक थोडं मोठं करायचं, त्यात मोठे आटे पाडायचे, त्यात ही तार फिरवत बसवायची. तिच्या आतल्या बाजूला मूळ मापाचेच आटे तयार असतात. पोलादी तार जास्त जागेवर टेकते, त्यामुळे दुरुस्त झालेलं भोक मूळ ॲल्युमिनियमच्या भोकापेक्षा मजबूत होतं. एम ६ च्या इन्सर्टला ६.३ मिलिमीटरचा ड्रिल लागतो, एम ८ ला ८.३ किंवा ८.४, किटच्या डबीवर लिहिलेला आकडाच धरा. टॅपही किटमधलाच हवा, साध्या टॅपचं माप वेगळं असतं. इन्सर्टची लांबी बोल्टाच्या जाडीच्या दीडपट घ्या. जागा असेल तर दुप्पट.

आधी भोकाभोवती किती धातू आहे ते बघा. कडेला पातळ भिंत असेल तर मोठं भोक पाडताना ती फुटेल. मग सरळ भोक कसं पाडायचं हा प्रश्न. हातातला ड्रिल नेहमी थोडा कलतो, आणि गिअरबॉक्सखाली आडवं पडून तर कलणारच. मी लेथवाल्या काकांकडून लोखंडाचा दीड इंच जाड ठोकळा घेतला, त्यात त्यांच्या ड्रिलिंग मशीनवर दोन भोकं पाडून घेतली: एक ड्रिलच्या मापाचं, दुसरं शेजारच्या चांगल्या बोल्टाचं. ठोकळा शेजारच्या बोल्टानं कवचाला हलकाच आवळला, की पहिलं भोक बरोबर गेलेल्या भोकावर येतं आणि ड्रिल सरळच जातो. दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरनं दोनदा मोजून घेऊन जा. ड्रिलच्या बिटाला हव्या त्या खोलीवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी तोंडाशी आली की थांबायचं.

टॅप फिरवताना घाई नको. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. मागे फिरवलं की कीस तुटतो. ॲल्युमिनियमला रॉकेल सर्वांत चांगलं. ते मिळत नसेल तर डिझेलचे चार थेंब किंवा डब्ल्यूडी-फॉर्टी. टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरून ठेवा, म्हणजे कीस आत पडण्याऐवजी ग्रीसला चिकटून बाहेर येतो. दर दोन-तीन वेढ्यांनी टॅप पूर्ण काढा, पुसा, पुन्हा ग्रीस भरा. वीस मिनिटं लागतात एका भोकाला. लागू द्या.

इन्सर्ट त्याच्या हत्याराच्या टोकावर चढवून फिरवा, दाबू नका. वरचा वेढा पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा पिच खाली गेला की थांबा. तळाशी एक आडवी शेपटी असते, ती पंचनं एक टिचकी मारून तोडायची. आणि आता सर्वांत महत्त्वाचं: ती शेपटी बाहेर काढा, हातात घेऊन बघा, आणि डबीत ठेवा. स्टेनलेस असल्यानं चुंबकाला ती धड चिकटत नाही, म्हणून काडीला ग्रीस लावून उचला. मी तीन इन्सर्ट बसवले आणि तीन शेपट्या कागदावर चिकटवून तारीख लिहून ठेवल्या आहेत. भोक आरपार गिअरबॉक्सच्या आत उघडणारं असेल, तर हरवलेली एक शेपटी उद्या पंपात जाऊन बसेल.

ड्रेन प्लगसारख्या मोठ्या आणि वारंवार उघडायच्या जागेला तारेपेक्षा अखंड पोलादी बुश बरा. तो लेथवर करून घ्यावा लागतो.

गिअरबॉक्स खाली घेताना

इथे मला स्पष्ट सांगायचं आहे. टॉर्क कन्व्हर्टरसकट गिअरबॉक्स पन्नास-साठ किलोच्या पुढे जातो आणि त्याला धरायला सरळ कडा नसते. आमच्या यार्डात हमाल पोतं घेतात तेव्हा बघा: कमरेत वाकत नाहीत, गुडघ्यात बसतात, आणि भार एकदम अंगावर येऊ देत नाहीत. पण पोतं अंगाला बिलगतं, गिअरबॉक्स बिलगत नाही. म्हणून एकट्यानं हे करू नका. गाडी फक्त जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नका. चार घोड्या, सपाट फरशी, हँडब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे. इंजिनला वरून आडव्या बारनं आधार द्या, कारण गिअरबॉक्स निघाला की इंजिनचा एक माउंटिंगचा आधार जातो. गिअरबॉक्सखाली ट्रान्समिशन जॅक भाड्यानं घ्या. छताच्या पाइपला चेन पुली लटकवण्याचा विचारही करू नका.

बॅटरी काढा, एटीएफ काढा, दोन्ही बाजूंच्या ड्राइव्ह शाफ्ट काढा. कन्व्हर्टरला फ्लेक्स प्लेटशी जोडणारे बोल्ट स्टार्टरच्या भोकातून किंवा तळाच्या झाकणातून एकेक करून दिसतात. इंजिन हातानं फिरवत ते काढा आणि दोघांवर रंगाची एक खूण करा. कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच बाहेर येऊ द्या. तो इंजिनकडे राहिला तर पंपाची सील फाटते, वर तो तेलानं भरलेला असतो आणि निसटतो. गिअरबॉक्स खाली आल्यावर, कन्व्हर्टर त्यातून काढायच्या आधी, बेल हाउसिंगच्या तोंडावर सपाट पट्टी आडवी ठेवून पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्टाच्या जागेपर्यंतचं अंतर व्हर्नियरनं मोजून भिंतीवर लिहा. हा आकडा शेवटी लागणार आहे.

काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे जातं अशा गॅरेजला द्या.

आता जागा. पार्किंगमध्ये मी गिअरबॉक्स फक्त बाहेरून धुतला. उघडला तो घरातल्या बंद खोलीत, पंखा बंद करून. आमच्याकडची हवा साधी नाही. भुसार बाजारात धान्याची धूळ असते, आणि मिरचीची पोती हलली की खिडकीच्या जाळीवर तांबूस पूड जमते. व्हॉल्व्ह बॉडीतले व्हॉल्व्ह इतके काटेकोर बसवलेले असतात की केसाएवढा कण अडकला तरी व्हॉल्व्ह रुततो. स्वच्छतेत एक घोडचूक सगळे करतात: सुती चिंधी वापरतात. चिंधीचे तंतू सुटतात आणि फिल्टरवर जाऊन बसतात. तंतू न सोडणारे कापड वापरा, ब्रेक क्लीनरनं धुवा, आणि हवेत वाळू द्या.

भाग क्रमानं ठेवायला मला यार्डानंच मदत केली. सफरचंदाच्या पेट्यांमध्ये खळग्यांचे कागदी ट्रे येतात. दर खळग्यात एक बोल्ट, खळग्याशेजारी पेननं जागा. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला की पुन्हा आट्यांचीच गोष्ट. पण हे ट्रे बोल्टांपुरतेच ठेवा. लगद्याचे तंतू सुटतात, म्हणून व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा स्टीलच्या ताटात. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, फोटोत एक पट्टी ठेवा.

व्हॉल्व्ह बॉडी उघडताना ती आडवी धरा आणि हळू उचला. आत छोटे छर्रे असतात, सुटे. ते कुठल्या खळग्यात होते हे कळलं नाही तर मॅन्युअलशिवाय मार्ग नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या भोकात स्वतःच्या वजनानं सरकायला हवा. सरकत नसेल तर पॉलिश पेपर फिरवू नका. कडा गोल झाल्या की दाब निसटतो. धुवा, तेल लावा, पुन्हा बघा. नवी पॅकिंग जुनीवर ठेवून प्रत्येक भोक जुळवा. सील-पॅकिंगच्या किटमध्ये दोन-तीन मॉडेलच्या पॅकिंग एकत्र येतात आणि एका भोकाचा फरक असतो.

पुन्हा बांधताना

चेंबरच्या तळाच्या चुंबकावर राखाडी, मऊ थर असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टोचणारे तुकडे दिसले तर मात्र बेअरिंग किंवा गिअर तुटला आहे. मग नुसत्या किटनं भागणार नाही, सगळं ट्रान्समिशनचंच काम करणाऱ्या कारागिराकडे न्या.

पिस्टनच्या मागची स्प्रिंग दाबून सर्क्लिप काढावी लागते. इथे चष्मा लावा. मोठा बोल्ट, दोन जाड पट्ट्या आणि नट वापरून दाबायचं साधं हत्यार करता येतं, पण पट्टी निसटली तर सर्क्लिप चेहऱ्याच्या उंचीनं उडते. जुनी सील काढताना धारदार पेचकस खोबणीत घालू नका. लाकडी काडी वापरा. नवी सील एटीएफमध्ये बुडवून बसवा आणि तिच्या ओठांची दिशा फोटोशी ताडून पाहा. सील उलटी बसली तर दिसायला सगळं ठीक दिसतं आणि त्या गिअरला गाडी हलत नाही.

अस्तराच्या प्लेटा कोरड्या बसवू नका. स्वच्छ एटीएफमध्ये किमान अर्धा तास बुडवा. मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर तेवढं. मी त्या रात्रभर ठेवल्या. बसवून झाल्यावर वरची प्लेट आणि सर्क्लिप यांच्यातली मोकळीक फीलर गेजनं तीन ठिकाणी मोजा. आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत हवा. जास्त असेल तर जाडी निवडून मिळणारी प्लेट किंवा सर्क्लिप बदलायची. हा आकडा डोळ्यांनी ठरत नाही.

थ्रस्ट वॉशर जागेवर चिकटून राहावेत म्हणून साधं व्हॅसलिन लावा, औषधाच्या दुकानातलं, बिनवासाचं. ते गरम तेलात विरघळतं. बेअरिंगचं ग्रीस विरघळत नाही आणि छोटी भोकं बुजवतं.

सगळे क्लच बसले की व्हॉल्व्ह बॉडी लावायच्या आधी हवेनं तपासा. कवचात प्रत्येक क्लचला जाणारी भोकं दिसतात. छोट्या कॉम्प्रेसरचा दाब अडीच-तीन किलोवर ठेवा, भोकात हवा सोडा. थप्प असा दबका आवाज यावा. माझ्या गाडीचा रिव्हर्सचा क्लच पहिल्या वेळी नुसता फुसफुसला. पुन्हा उघडलं, एका सीलचा ओठ दुमडला होता. गाडीत चढवल्यावर हे कळलं असतं तर तीन दिवस वाया गेले असते.

कन्व्हर्टरमध्ये ताजं एटीएफ ओता, साधारण लिटरभर, आणि तो शाफ्टवर चढवा. हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवत, हलकाच आत ढकलत राहा. तो तीन वेळा खाली बसतो, कारण आत तीन वेगवेगळ्या खाचा एकामागोमाग जुळाव्या लागतात. दोनदा बसला की सगळ्यांना वाटतं, झालं. नाही झालं. भिंतीवर लिहिलेला आकडा आठवा, पट्टी ठेवून मोजा. आकडा जुळला नाही आणि तरीही बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनला ओढून घेतला, तर पंप फुटतो. नव्यानं बांधलेला गिअरबॉक्स सुरू होण्याआधीच संपण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. गिअरबॉक्स आणि इंजिन यांची तोंडं बोटांनी दाबून पूर्ण जुळायला हवीत. बोल्ट फक्त धरून ठेवण्यासाठी आहेत, ओढण्यासाठी नाहीत.

रेडिएटरमधून जाणारी कुलरची नळी धुवायला विसरू नका. जळलेल्या प्लेटांची काळी भुकटी तिथे बसलेली असते आणि पहिल्याच दिवशी नव्या गिअरबॉक्समध्ये येते. धुता येत नसेल तर कुलर बदला.

पातळी पाहून, पार्किंगमध्येच ब्रेकवर पाय ठेवून लीव्हर पी पासून खालपर्यंत आणि परत हळूहळू फिरवा, प्रत्येक जागी तीन-चार सेकंद थांबून. पुन्हा पातळी पाहा. पहिली फेरी मी दुपारी मारली, ट्रकांची गर्दी ओसरल्यावर, गंगाधाम चौकापर्यंत आणि परत, रेस न वाढवता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनचा आवाज वर न जाता खाली आला.

५०० किलोमीटरनंतर चेंबर पुन्हा उघडला. ऑइल लाल होतं, चुंबकावर नव्या प्लेटांचा बारीक थर होता, तुकडा एकही नाही. चुंबक पुसला, पॅकिंग बदलली. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावले, मग समोरासमोरचे, आडवेतिडवे, दोन फेऱ्यांत, १० न्यूटन-मीटरवर आवळले. सातव्या बोल्टापाशी टॉर्क रेंच टक् वाजला तेव्हा हात थांबवला आणि आठव्याकडे गेलो.